करंट्याची जन्मतारीख

बोरबनवाडी,
रविवार, १९ नोव्हेंबर १९७२

चि. सूर्यभान यास विष्णुपंत गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. खालची सही न वाचताच ओळखलं. तुझ्या 'र'ची शेपटी अजून ओळीबाहेर पळते. चौथीत तिला किती वेळा आत घेऊन दिली असेल मी! वीस वर्षांत तुझ्या हातची ही पहिली अक्षरं, आणि तीही मोजून पाच ओळी.

नागापूरला लेथवर काम करतोस हे तुझ्या आईकडून, राहीबाईकडून, ऐकलं होतं. लेथ म्हणजे काय हे मला नीटसं ठाऊक नाही. लोखंड फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं असं आमचा शामकांत सांगतो. मला ते ऐकून उगाच बरं वाटलं. तुझे हात लहानपणीही स्थिर होते. पाटीवर वर्तुळ काढायचास ते बांगडी ठेवून काढल्यासारखं.

इकडे यंदा पावसानं पाठ फिरवली. प्रवरा इतकी बारीक झाली आहे की पैलतीरावरच्या बायांचं बोलणं अलीकडे ऐकू येतं. निम्मी वाडी खडी फोडायला जाते, तुझी आईही. शाळेपुढचा वड मात्र आहे. त्याच्याखाली तू नदीची ती कविता साकीच्या चालीवर म्हणायचास. सात-आठ वर्षांचं पोर आणि काय तो गळा! वाटेवरचे गाडीवान गाडी थांबवून ऐकायचे. मला अजून दुपारी कधी कधी ती चाल ऐकू येते, मग हातातलं काम सुटतं.

आता तुझ्या कामाचं. कारखान्यात कायम होण्यासाठी एक जानेवारीला तिशीच्या आत असावं लागतं, आणि दाखल्याप्रमाणे तू तीस ओलांडून सात महिने पुढे जातोस, हे समजलं. तू लिहितोस, आई म्हणते मी दोन वर्षांनी लहान आहे. आईला मूल लहानच वाटायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून १९४२ अशी तारीख माझ्याच अक्षरात आहे. रजिस्टर ते रजिस्टर. त्याला मी काय करणार? वर्तणुकीचा उत्तमातला उत्तम दाखला मात्र लिहून पाठवतो. तो साहेबांना दाखव.

काल नदीवर बसलो असताना दोन ओळी सुचल्या. तुझ्यासाठीच आहेत असं समज.

गेली पाखरे उडुन दूर देशी,
कोण उरले या सुन्या वडापाशी?

पत्र लिहीत जा.

तुझा,
विष्णुपंत गुरुजी


बोरबनवाडी,
रविवार, १० डिसेंबर १९७२

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. "गुरुजी, कविता नको. तारीख पाहिजे." आणि खाली सही: "आपला, करंट्या."

कार्ड उघडंच असतं. पोस्टमननं वाचलं, त्यानं आमच्या सूनबाईला विचारलं, "हा करंट्या कोण?" आणि तिनं मला. मी म्हणालो, जुना विद्यार्थी आहे, गमत्या आहे. मग चहा तसाच ठेवून पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. परत आलो तरी कार्ड होतंच.

तर तू विसरला नाहीस. कसा विसरशील म्हणा, अख्खी वाडी तुला त्याच नावानं हाका मारत होती. ते नाव कुणी दिलं हे वाडी विसरली, तू नाही, मीही नाही.

तेव्हाचं सांगतो. फेब्रुवारी त्रेपन्न. स्कॉलरशिपच्या परीक्षेला मी तुला नगरला घेऊन गेलो होतो. आपल्या दोन मास्तरांच्या शाळेतून तोवर कुणी बसलंही नव्हतं. तुला मिळणार याची मला खात्री होती, तालुकाभर मी सांगून ठेवलं होतं. आणि तू पेपर अर्धा कोरा टाकून बाहेर आलास. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी फळ्यावर शब्द लिहिला. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा आपला रोजचाच पाठ. मी अर्थ सांगितला: दारी आलेल्या दैवाला जो आपल्याच हातानं माघारी लावतो, तो करंटा. ज्याच्याकडे दैव येतच नाही तो अभागी. अभाग्याची कीव करावी, करंट्याची करू नये. मुलांना फरक कळेना. छगन म्हणाला, "वाक्यात सांगा, गुर्जी." आणि मी तुझं नाव घालून वाक्य केलं.

मास्तराला उदाहरण समोरच्या बाकावरूनच उचलायची खोड असते. एवढंच ते होतं. चाळीस पोरं हसली, शाळा सुटली, आणि दुसऱ्या दिवशी वेशीत तुला तीच हाक ऐकू आली.

राहीबाई मंगळवारी आली होती. खडीवरून परस्पर, डोक्याला फडकं तसंच. ओट्यावर बसली नाही, खाली पायरीशी बसली.

"गुर्जी, स्वराज्याचा झेंडा लावला तवा ह्यो तीन वर्साचा हुता. कडंवर घिऊन गेल्ते मी. पेढा दिल्ता तुमी त्याला, तुमच्या हातानं. पोळ्याच्या दिशीचा जलम त्याचा. मंग बेचाळीस कसं व्हईल?"

मी म्हणालो, "राहीबाई, तेव्हा सगळ्यांचीच तारीख एक जून लावायची रीत होती. शाळा जूनला उघडते ना."

"रीत आसंल. पर जून म्हंजी पोळा न्हाई. आन् दोन वर्सं कुठं गेली?"

तिला मी चहा घेऊन जा म्हणालो. उत्तर तुला देतो, कारण तुला ते समजेल. लहानपणी दोन वर्षं पुढं टाकली म्हणजे मूल लवकर शिकतं, लवकर मार्गी लागतं. तुझ्या भल्याचंच ते होतं. एवढ्यावर तू मला समजून घ्यावंस.

वर्तणुकीचा दाखला मिळाला का?

तुझा,
वि. गुरुजी


बोरबनवाडी,
गुरुवार, ४ जानेवारी १९७३

सूर्यभान,

तुझं कार्ड नाही. पंधरा दिवस मी कोल्हारच्या पोस्टात जाऊन विचारतोय. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं. पोस्टमास्तर म्हणतो, "गुरुजी, आलं तर आम्ही आणून देऊ की." मी म्हणतो, पाय मोकळे करायला आलो.

गेल्या पत्रात मी तुझ्या भल्याचं म्हणून लिहिलं. ते वाक्य तेव्हापासून मला बसू देत नाही. जेवायला बसलो की आठवतं, गीता उघडली की आठवतं. म्हणून सांगतो.

अठ्ठेचाळीस साली दिपोटी साहेब तपासणीला येणार होते. पट कमी भरला तर दोन मास्तरांपैकी एकाची बदली. धाकटा मी. खर्ड्याला पाठवणार अशी कुणकुण होती, जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. मला ही नदी सोडवत नव्हती. शामकांत पाळण्यात होता हेही कारण होतं, पण खरं सांगायचं तर नदी. मग मी घरोघरी हिंडून पोरं गोळा केली. तुझी आई म्हणाली, "चार बी भरलं न्हाईत अजून." मी म्हणालो, "खेळू दे की शाळेत." आणि रजिस्टरात सहा वर्षं लिहिली.

साहेबांनी प्रत्येक पोराला उभं केलं. तेव्हा वय बघायची एकच तऱ्हा: उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरता आला तर पोर सहाचं. तुला आठवणार नाही. तुझा हात टाळूपाशीच थांबला. तू बोटं ताणत होतास, जीभ बाहेर काढून. साहेब माझ्या टेबलावरचा पेढा उचलत होते. तेवढ्यात मी मागून तुझी मान डावीकडून वर अशी दाबली, की कान बोटांपाशी आला. साहेब म्हणाले, "ठीक." तू हसलास. तुला वाटलं, आपण जिंकलो.

ही दोन वर्षं मी अशी तुझ्या मानेवरून ढकलली.

आता तुझी तारीख बदलायची तर ज्यानं नोंद केली त्या मास्तराचं स्टॅम्पावरचं प्रतिज्ञापत्र लागतं, की मी जाणूनबुजून चुकीचं वय लिहिलं. हे मला आधीपासून माहीत होतं. शामकांत शिक्षण खात्यातच कारकून आहे, त्यानं तुझ्या पहिल्या कार्डाच्या दिवशीच सांगितलं होतं.

काल त्याच्यापाशी विषय काढला. तो बूट घालत होता. एक घातला, दुसरा हातात धरून उभा राहिला.

"अप्पा, एक नोंद खोटी म्हणालात की सगळं रजिस्टर खोटं. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. मला ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही."

"अरे, पण त्या मुलाची नोकरी..."

"आणि सव्वीस जानेवारीला तुमचा सत्कार आहे. अख्खी वाडी वर्गणी काढतेय. ज्या शाळेतल्या कामासाठी सत्कार, तिचंच रजिस्टर खोटं म्हणून सांगणार? आपल्या हातानं? याला काय म्हणतात ठाऊक आहे ना? तुम्हीच शिकवलंय. करंटेपणा."

शब्द मी आयुष्यभर दुसऱ्याकडे फेकला. समोरून येताना तो असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. शामकांत दुसरा बूट घालून निघून गेला आणि मी ओट्यावर किती वेळ उभा होतो कोण जाणे. सूनबाई येऊन म्हणाली, "अप्पा, ऊन लागतंय."

एक मागतो. सव्वीस जानेवारीपर्यंत थांब. सत्कार होऊ दे. त्यानंतर बघतो.

वाचून तुला राग येईल. मलाही येतो आहे, तरी हे वाक्य खोडत नाही.

वि. गु.


बोरबनवाडी,
रविवार, २८ जानेवारी १९७३

सूर्यभान,

"थांबतो. थांबायची सवय हाय." एवढंच लिहिलंस. 'आहे' न लिहिता 'हाय' लिहिलंस. चौथीत यासाठी मी तुझ्या हातावर पट्टी मारली असती. आज मला ते बरोबर वाटलं.

सत्कार झाला. वडाखाली मंडप, शाल, नारळ, तसबीर. सूर्यभान, मी खिशात चार ओळींचा कागद ठेवला होता. शामकांतला न सांगता. ठरवलं होतं, भाषणात वाचून टाकायचा, म्हणजे मागे फिरता येणार नाही. लोक म्हणाले, "बोला गुरुजी." उठलो. समोर बाया बसल्या होत्या, त्यात शेवटच्या रांगेत राहीबाई. तिला जागा देताना कुणीतरी म्हणालं, "करंट्याच्या आईला सरकून घ्या गं." सहज. रोजच्यासारखं. तीही सहजच सरकून बसली.

मी कागदाला हात घातला. आणि कविता म्हटली. साकीच्या चालीवर, नदीची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहीबाईनं सगळ्यात जास्त वाजवल्या. ती कविता तू म्हणायचास म्हणून.

घरी येऊन शाल खुंटीला अडकवली. ती पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी ती उचललीच नाही.

दोन दिवस घरात फेऱ्या मारतो आहे. कारण कानाची गोष्ट सांगून झाली तरी एक उरली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय स्टॅम्पावर सही केली तर तीही अर्धीच होईल.

परीक्षेच्या दिवशी नगरला उतरलो तेव्हा तू माझं धोतर धरून चालत होतास. रजिस्टराप्रमाणे तू अकराव्यात होतास, तुझ्या बाकावरची बाकीची पोरं खरोखरीच अकरा-बाराची होती, काहींना मिसरूड फुटायला आलेलं. खरा तू साडेआठ वर्षांचा. तू म्हणालास, "गुर्जी, तुमी कुठं बसणार?" खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं. मी म्हणालो, "त्या चिंचेखाली. भीती वाटली तर खिडकीतून बघ. मी दिसेन."

घंटा झाली. मी चिंचेखाली बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मला आठवलं, बाजारात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे, तिथे माझ्या लहानपणचं क्रमिक पुस्तक मिळेल. त्यातल्या कविता मला अर्ध्या आठवायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी जीव तळमळायचा. म्हटलं, पेपर दीड तासाचा आहे, जाऊन येतो. पुस्तक सापडलं. तिथेच उभ्याउभ्या वाचत राहिलो. एक कविता, मग दुसरी. परत आलो तेव्हा तू पायरीवर बसला होतास, गुडघ्यात मान घालून. मी विचारलं, "का उठलास?" तू उठून माझं धोतर धरलंस. मी पुन्हा विचारलं नाही. कारण मला उत्तर ठाऊक असावं.

गाडीत तू माझ्या शेजारी झोपलास. मी पुस्तक वाचत आलो. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहिला.

साडेआठ वर्षांच्या मुलाला मी साडेदहाचा समजून रागावलो. माझंच खोटं मला खरं वाटायला लागलं होतं, इतकं माझं अक्षर वळणदार! करंटा होण्यासाठी आधी दैव हातात यावं लागतं. तुझ्या हातात काय आलं होतं? तुझा हात तर कानापर्यंतही पोचत नव्हता. तू अभागी होतास, कारण तुझ्या वाट्याला मी आलो. आणि करंटा मी. गाणारं, वर्तुळ काढणारं पोर माझ्या वर्गात आलं होतं, ते मी माझ्या हातानं घालवलं.

उद्या तालुक्याला जातो. शामकांतला सकाळी सांगेन, म्हणजे अडवायला त्याच्यापाशी वेळ राहणार नाही.

विष्णुपंत


बोरबनवाडी,
रविवार, २५ फेब्रुवारी १९७३

सूर्यभान,

प्रतिज्ञापत्र दिलं त्याला आज सत्तावीस दिवस झाले. स्टॅम्पवाल्यानं मजकूर वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, 'चुकून' लिहू का? बरं दिसेल." मी म्हणालो, "जाणूनबुजून लिहा." त्यानं खांदे उडवले. शब्द त्याला अवघड गेला, दोनदा खोडून लिहिला.

कागद नगरच्या कार्यालयात गेला आहे. मला खुलासा मागणारं पत्र आलं, चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबेल असं त्यात आहे. शामकांत माझ्याशी बोलत नाही. जेवताना सूनबाई मध्ये बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवते. "अप्पा विचारतात, भात हवा का?" "सांग, नको." तो समोरच असतो.

वाडीत आधी दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग रांग लागली! पहिला छगन आला. तिशी ओलांडलीय, पण गाल अजून तसेच.

"गुर्जी, माजी बी एक जूनच हाय."

"हो."

"मंग माजं बी दोन वर्सं कमी करा की. सोयरीक चाललीय दुसरेपनाची, पोरीकडचे वय इचारत्यात."

"छगन, तुझं वय मी लिहिलं तेव्हा तुझा हात कान ओलांडून मानेपर्यंत जात होता."

"व्हय का?" म्हणाला. "मंग ऱ्हाऊ द्या. चा घ्या आमच्याकडं एक दिवस."

त्याच्यामागून सहादेव आला, त्याला वय वाढवून पाहिजे होतं, कशासाठी ते सांगेना. बनुबाई आली, तिला नुसतंच जाणून घ्यायचं होतं. "कंदी जलमले मी, खरं सांगा. सासूपेक्षा थोरली तर न्हाई ना?" मी जुन्या आठवणी काढतो, कोणत्या साली टोळधाड, कोणत्या साली नदीला पूर. जमेल तेवढं सांगतो. नेमकं कुणाचंच सांगता येत नाही. एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली आणि सगळी एकाच दिवशी जन्मली.

आणि मला नाव पडलं. काल वेशीतून येताना शाळेतल्या दोन पोरी कुजबुजल्या, "एकजून गुरुजी आले बघ." मी चाल मंद केली नाही, वळूनही पाहिलं नाही. मग घरापाशी आल्यावर मात्र भरदिवसा आतून कडी लावून घेतली. बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यानं. तू नववं लागलेला होतास.

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, आंतरदेशीय. मी ते नदीवर जाऊन उघडलं. तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहितो, कारण नक्कल करून लिहिलं की नीट कळतं ही माझी जुनी समजूत:

"गुरुजी, चिंच मला आठवते. मी वर बघितलं तवा तुमी नव्हता. चिंचंला एक गाढव बांधलेलं हुतं. म्हटलं, चला, कुनीतरी हाय. त्याच्याकडं बघत बघत मी सहा गणितं सोडवली. मग एक बाई आली आन् गाढव सोडून घिऊन गेली. मग माझ्यानं बसवंना."

सूर्यभान, मी हसलो. नदीच्या वाळूत एकटाच बसून मोठ्यानं हसलो, आणि मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं. पैलतीरावरच्या बायांनी धुणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. सहा गणितं! सहाच्या सहा बरोबर असतील. माझ्या जागेवर जो होता त्यानं माझ्यापेक्षा चांगलं काम केलं.

ते क्रमिक पुस्तक कपाटात आहे. वीस वर्षांत मी ते किती वेळा वाचलं असेल. परवा उघडलं आणि एकही चाल लागेना.

कागदाचं काही कळलं की लगेच कळवतो. तुमच्या कारखान्याची शेवटची तारीख सतरा मार्च ना? मी रोज पोस्टात जातो. हल्ली पोस्टमास्तर काही म्हणत नाही, खुर्ची पुढे सरकवतो.

विष्णुपंत


बोरबनवाडी,
सोमवार, १२ मार्च १९७३

सूर्यभान,

हुकूम आला. दुरुस्त दाखला सोबत आहे, रजिस्टर्ड करून पाठवतो. जन्मतारीख १८ ऑगस्ट १९४४. पोळा त्या साली त्याच दिवशी होता, मी जुनं पंचांग शोधून काढलं. राहीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तेच तर म्हनत हुते." मग थोड्या वेळानं, "लई दिसांनी पोरगं लहान झालं माजं." फडक्यात गूळ बांधून आणला होता, तो ओट्यावर ठेवून गेली. या खेपेला पायरीशी बसली नाही, वर बसली.

तुला एक जानेवारीला अठ्ठावीस पुरी होऊन चार महिने झाले होते. तिशीला अजून भरपूर अवकाश आहे.

हुकूम कसा इतक्या लवकर निघाला म्हणशील. मलाही नवल वाटत होतं. काल सूनबाईनं सांगितलं. शामकांत गेले पंधरा दिवस कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर स्वतः नेत होता. मला न सांगता. काल जेवताना मी तिला म्हणालो, "शामकांतला सांग, अप्पा म्हणतात..." आणि भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. तोच म्हणाला, "अप्पा, भात घ्या." सरळ मला.

माझ्या चौकशीचं अजून काही नाही. जे व्हायचं ते होईल. मी खुलाशात एकच ओळ लिहिली आहे, की नोंद मी केली आणि का केली. वर्गात एखादं पोर खरं बोलून छड्या खायला हात पुढे करतं तेव्हा त्याला काय वाटत असेल ते आता मला कळतं. छडी समोर दिसत असते, पण हात मागे घ्यावासा वाटत नाही.

शनिवारी कमिटीपुढे मुलाखत आहे असं तू लिहिलंस. "लेथवर भीत न्हाई, पर टेबलापुढं बसलो की घशाला कोरड पडती." यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्याकडून मी काही मागावं असं माझं तोंड राहिलेलं नाही. आणि तू मला माफ केलंस का, हेही विचारत नाही. पण मी येतो आहे. हे विचारत नाही, कळवतो आहे.

मनमाडकडून नगरला जाणारी सकाळची पहिली गाडी कोल्हारला पकडतो. नऊला नागापूरच्या फाट्यावर उतरतो. छगननं चौकशी केली. कारखान्याच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक बाभळ आहे आणि तिच्याखाली चहावाल्याचं बाकडं आहे. त्या बाकड्यावर मी बसेन. पुस्तक आणणार नाही. राहीबाईचा गूळ आणि पाण्याचा तांब्या एवढंच बरोबर असेल. मुलाखत कितीही वेळ चालो, दुपार होवो, संध्याकाळ होवो. चहावाल्यानं उठवलं तर झाडाला टेकून उभा राहीन.

आत बसलास आणि घशाला कोरड पडली, तर खिडकीतून बघ. मी दिसेन. या खेपेला मला कुणी सोडून नेणार नाही.

तुझा,
एकजून गुरुजी